दोन दारांची हेराल्ड

परभणीत मी गाडी चालवायला शिकवते. जास्त करून बायकांना. शाळेतल्या बाई, नर्सबाई, नवऱ्याची बदली झाल्यावर आता पोरांना आपणच सोडायचं असं ठरवलेल्या गृहिणी, आणि अलीकडे लग्न ठरायचं असलेल्या मुली. 'चारचाकी येते' हे आता मुलीच्या बायोडाटात लिहितात. बावीस वर्षं हाच धंदा म्हटल्यावर लोकांना वाटतं, हिला गाड्यांचं भारी वेड असणार. तसं काही नाही. माझ्या शिकवायच्या दोन्ही गाड्या पांढऱ्या आहेत, चारी बाजूंनी चेपलेल्या आहेत, आणि मला त्यांच्याबद्दल पायातल्या चपलेबद्दल वाटतं तेवढंच वाटतं.

वेड होतं ते एकाच गाडीचं.

मी तिसरीत होते तेव्हा आमच्या शाळेसमोर एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्या वेळी गावात चारचाकी मोजक्या, त्यातल्या बऱ्याच सरकारी, आणि चालवणारे झाडून सगळे पुरुष. बाई मात्र स्वतः चालवायच्या. हेराल्ड. आकाशी रंग, टप पांढरा, मागच्या बाजूला माशाच्या शेपटीसारखी दोन टोकं वर आलेली, आणि दारं दोनच. खेड्यावरून कुणी सायकल मारत निरोप घेऊन आला, की बाई पदर खोचत दवाखान्याच्या पायऱ्या उतरायच्या, डोळ्यांवर काळा चष्मा चढवायच्या आणि निघायच्या. आम्ही पोरी खिडकीला चिकटून बघायचो. गुरुजी ओरडायचे. आम्ही बघायचोच.

एक दिवस गाडी चालूच होईना. बाईंनी शाळेच्या फाटकातून डोकं आत घातलं आणि गुरुजींना न विचारता हाक मारली, "पोरींनो, या गं ढकलायला!"

अख्खा वर्ग धावला. मला मागच्या डिकीवर हात टेकायला जागा मिळाली. बाई आतून ओरडत होत्या, "जोर लावा की! सकाळी जेवल्या नाहीत का?" गाडीने दोन आचके दिले, आमच्या तोंडावर धूर सोडला आणि भुर्रकन गेली. बाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी त्या दिवशी हात न धुता जेवले म्हणून आईचा मार खाल्ला.

पुढे बाई परभणी सोडून गेल्या. गाडी विकून गेल्या, एवढंच घरात बोलताना कानावर आलं. त्या वारल्याचं कळलं तेही फार वर्षांनी.

मला पन्नास लागलं त्या वर्षी नवऱ्याने विचारलं, "काय घ्यायचं तुला? बांगड्या करायच्या का?"

मी म्हटलं, "हेराल्ड."

माझा नवरा कृषी विद्यापीठात माती तपासतो. नमुना हातात आल्याशिवाय तो कशावर बोलत नाही. त्याने आठवडाभर मोबाइलवर शोधाशोध केली आणि एका रात्री जेवताना जाहीर केलं, "पुण्यात एक आहे. लाल. चालू कंडिशनमध्ये. कोइमतूरला दोन आहेत."

"मला हेराल्ड नकोय," मी म्हटलं. "ती हेराल्ड पाहिजे."

त्याने भाकरी मोडली. "बरं," म्हणाला. "मग कुठून सुरुवात करायची?"

सुरुवात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागे एका गॅरेजपासून झाली. तिथले मिस्त्री, सगळ्यांचे चाचा, ऐंशीच्या पुढचे. गॅरेज आता मुलगा बघतो, चाचा दारात लोखंडी खुर्ची टाकून बसतात आणि आतल्या इंजिनांचे आवाज ऐकून बसल्या जागेवरून सूचना देतात. माझ्या दोन्ही गाड्या तिथेच दुरुस्तीला जातात, त्यामुळे ओळख जुनी.

"चाचा, डॉक्टरीणबाईंची हेराल्ड आठवते का तुम्हाला?"

चाचांनी चष्मा काढला. "आसमानी? दो दरवाजेवाली? बेटी, उस गाडी का एक एक नट मेरे हाथ का है."

मग अर्धा तास मला उठताच आलं नाही. त्या गाडीचं बोनट काचेच्या बाजूने उघडायचं आणि मडगार्डांसकट सगळं तोंडच पुढे कलायचं, मगरीने जबडा उघडावा तसं. इंजिनाशेजारी चाकावर बसून काम करता यायचं. "दूसरी गाडी में कमर टूटती थी, उसमें मैं बैठ के चाय पीता था." आणि बाईंनी एकदा सांगितलं, मिस्त्री, सलाईनची बाटली टांगायला आत काहीतरी करून द्या. चाचांनी छताला भोक पाडून हूक मारला. पहिल्याच पावसाळ्यात तिथूनच पाणी गळायला लागलं. "बाई बहोत बोली मेरे को. मरीज को सलाईन ऊपर से भी, पानी ऊपर से भी." चाचा स्वतःच खो-खो हसले.

"गाडी गेली कुठे पण?"

"सेलू का एक ठेकेदार लिया. बाद में देवगाव फाटे पे एक हॉटल के सामने खडी थी. मैं खुद देखा. दस-बारा साल तो होगे."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं देवगाव फाट्याला गेलो. हॉटेल सापडायला वेळ लागला नाही, कारण चौकशीसाठी थांबलो तेच ते हॉटेल निघालं. मालक गल्ल्यावर बसलेला, साधारण माझ्याच वयाचा. आम्ही भजी मागवली आणि हेराल्डचं नाव काढलं.

"होती की," तो म्हणाला. "ठेकेदारानं बंद पडली म्हनून इथंच सोडली, ती सोडलीच. माझ्या वडलांनी मंग तिची फ्यामिली रूम केली."

"म्हणजे?"

"म्हंजे ज्यांना आडोसा पायजे ते गाडीत बसून भजे खायचे. दारं दोनच, बाहेर झाड. लय चालायची. नवराबायको यायचे, काही नवराबायको नसलेलेबी यायचे."

माझ्या नवऱ्याला ठसका लागला.

मग रस्ता रुंद व्हायला लागला आणि गाडी हलवणं भाग पडलं. भंगारवाल्याशी बोलणं झालं होतं. तेवढ्यात एक दिवस एक माणूस चहाला थांबला. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात पांढरा सदरा. तो गाडीपाशी गेला, आत डोकावला, छताला हात लावला आणि रडायलाच लागला.

"मी म्हनलं, काय झालं हो? तर म्हनला, ह्या गाडीत माझा जन्म झाला. हा बगा सलाईनचा हूक. आता गिऱ्हाईकच रडायलं म्हनल्यावर भाव काय करावा? देईल ते घेतलं आन् वरून त्याला चहा पाजला. ताडकळसचा हाय. आडत दुकान हाय त्याचं."

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होते आणि मला गाता येत नसताना गात होते.

ताडकळसला आम्ही नेमके बाजाराच्या दिवशी गेलो. गाडी लावायला जागा नाही, मिरच्यांच्या ढिगाशेजारून अंग चोरून चालायचं. एका भाजीवालीला विचारलं, "इथे एका आडत्यांकडे जुनी गाडी आहे, त्यांचं घर कुठे?"

"गाडीत जल्मलेले का? मोटारअप्पा?" ती म्हणाली. "सरळ जावा. निळं गेट."

सगळं गाव त्यांना मोटारअप्पाच म्हणत होतं. स्वतः अप्पांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पन्नाशी ओलांडलेला, गोल चेहऱ्याचा, सावकाश बोलणारा माणूस. "शरणार्थ, या," म्हणून त्यांनी आम्हाला बसवलं, आणि कशासाठी आलो ते सांगितल्यावर चहा यायच्या आतच उठून मागच्या शेडकडे घेऊन गेले.

निळ्या ताडपत्रीखाली ती होती. टपावर सोयाबीनची पोती. अप्पांनी आणि माझ्या नवऱ्याने मिळून ती उतरवली आणि ताडपत्री ओढली. रंग कुठे आकाशी राहिला होता, कुठे गंजून विटकरी झाला होता. चारी चाकं बसलेली. मागच्या सीटवर एक मांजर चार पिल्लांना पाजत पडली होती, तिने आमच्याकडे एकदा पाहून डोळे मिटले. छताला हूक होता. मी मागे जाऊन डिकीवर दोन्ही तळहात टेकले आणि तशीच उभी राहिले. नवरा म्हणाला, "अगं, कोळीष्टकं आहेत." मी हात काढले नाहीत.

अप्पांनी त्यांची गोष्ट सांगितली. ती त्यांनी शेकडो वेळा सांगितलेली असणार, कारण कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, सगळं बसलेलं होतं. आई अडलेली. वडील सायकलवर परभणीला गेले. डॉक्टरीणबाई स्वतः गाडी घेऊन आल्या, आईला मागच्या सीटवर घेतलं, दवाखान्याकडे निघाल्या आणि अर्ध्या वाटेत, चालत्या गाडीत, हुकाला सलाईन लावलेलं असताना अप्पांचा जन्म झाला.

"भंगारात चालली व्हती, ताई. मी आनली. पुण्याहून दोघं तिघं येऊन गेले. एक तर म्हनला, तुमी गाडीत बसा, मी व्हिडिओ काढतो, गोष्टीसकट इकू. मी म्हनलं, चालते व्हा."

"मला विकाल का?" मी विचारलं.

"न्हाई," अप्पा म्हणाले, अगदी प्रेमाने. "मानूस आपली जन्मभूमी इकतं का?"

आम्ही चहा घेतला. ओसरीत त्यांची आई तूर निवडत बसली होती. गळ्यात इष्टलिंग, हातात हिरव्या काचेच्या आणि प्लॅस्टिकच्या बांगड्या एकत्र. तिने हात न थांबवता सगळं बोलणं ऐकलं.

मी दिवाळीनंतर पुन्हा गेले. गंज सुटायचं तेल नेलं होतं. अप्पा आणि मी दोघांनी मिळून तासभर खटपट केली आणि ते बोनट उघडलं. खरंच सगळं तोंड पुढे कललं. अप्पा टाळ्या वाजवायला लागले. अकरा वर्षं गाडी घरात होती, पण बोनट उलटं उघडतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, इतर गाड्यांसारखं ते समोरून उचलायचं असं समजून तिथेच जोर लावत होते. मला वाटलं, आज मन वळेल. नाही वळलं. जाताना त्यांनी मला दहा किलो हरभरा दिला.

तिसऱ्यांदा गेले ती संक्रांतीच्या सुमाराला, एकटी. अप्पा दुकानात होते. म्हातारी ओसरीत होती.

"काहून येतीस गं माय सारखी?" तिने विचारलं. "ह्या डबड्यापायी?"

मी तिला सांगितलं. शाळा, बाईंची हाक, ढकलणं, सगळं. ती हसायला लागली. दात मोजकेच, पण हसणं मोकळं. "जेवल्या न्हाईत का म्हनली? तशीच व्हती बया. मला म्हनली, वरडू नकोस, तुझ्या वरडन्यानं मला गेर सापडंना."

"मावशी, फार त्रास झाला असेल तुम्हाला. चालत्या गाडीत."

ती सुपातली तूर हलवत राहिली. तेवढ्यात अप्पा आले. चपला काढल्या, मला शरणार्थ केलं, आत पाणी प्यायला निघाले.

"ए, बस जरा," म्हातारी म्हणाली. "तुला एक सांगायचंय. ही बाईबी हाय तर हिच्याम्होरंच सांगते, म्हंजे तू तमाशा करनार न्हाईस."

अप्पा बसले.

"तू त्या गाडीत न्हाई जल्मलास."

मी उठायला लागले. तिने माझा हात धरून खाली बसवलं.

"आई, कायबी काय बोलायलीस," अप्पा म्हणाले. "बाबांनी स्वतः सांगितलंय."

"तुझा बाप कुठं व्हता तवा? सायकल गाडीत मावंना म्हनून त्याला सायकलवर मागून यायला लावलं व्हतं. वढ्यापाशी माझ्या कळा लय वाढल्या. बाईनं गाडी थांबवली. म्हनली, हिथं मागं न्हाई जमनार, दोघींना वाकाया जागा न्हाई. दारं दोनच. म्होरलं सीट दुमतं करून मला काखंत धरून बाहीर वढलं. आन् वर म्हनती कशी, नवं कव्हर हाय माझं! बाभळीखाली गोधडी हातरली. बाटली बाभळीच्या फांदीला टांगली. तिथं झालास तू."

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मंग पुन्हा मला गाडीत बसवलं. तुझा बाप घाम पुसत आला, तर मी आपली गाडीत बसलेली, तू मांडीवर. त्याला वाटलं गाडीतच झालं. त्यानं गावभर सांगितलं. लोकं खूश व्हायले, तो खूश व्हायला. मी कशाला मोडता घालू? पन तू ते धूड घरी आनलंस. आकरा वर्सं झाली, म्हशीला जागा न्हाई. आता ही बाई मागायलीय, तिला त्या बाईचं खरंच काहीतरी हाय. दे तिला. तुझं काय हाय त्यात? त्या गाडीत कुनी जल्मलं असंल तर ती मांजरीची पिल्लं."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. अप्पा उठून शेडकडे गेले. थोड्या वेळाने मीही गेले. ते गाडीच्या दाराला टेकून उभे होते.

"बाभळीखाली," ते स्वतःशीच म्हणाले. मग मला, "घिऊन जा, ताई."

"असं नाही न्यायची मला," मी म्हटलं. खरंच नव्हती न्यायची. एखाद्याचं लहानपणापासूनचं जपलेलं मोडून पडल्यावर लगेच हात पुढे करायचा म्हणजे कसंतरीच वाटलं. "आठ दिवस विचार करा. फोन करा."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तसं पाहिलं तर आता किंमत कमी व्हायला पाहिजे. इतिहास खरा निघाला नाही ना." मी बघितल्यावर तो उठून कुंड्यांना पाणी घालायला गेला.

माझं मात्र उलटंच झालं होतं. आतापर्यंत बाई मला देवीसारख्या वाटायच्या, काळा चष्मा लावलेल्या. आता अडलेल्या बाईला सोडवताना नव्या सीट-कव्हरची काळजी करणारी, गिअर सापडेना म्हणून कावलेली बाई दिसायला लागली. अशी बाई मला फार ओळखीची वाटली. शिकवताना मीही तशीच बोलते.

चौथ्या दिवशी अप्पांचा फोन आला. "किमतीचं काय ते तुमचे साहेब आन् मी बघून घेऊ. पन एक हाय. आईनं ती जागा दाखवायची. गाडी त्याच रस्त्यानं जानार, तवा तिथं थांबायचं."

मी म्हटलं, चालेल.

न्यायच्या आधी दोन दिवस चाचा मुलासोबत ताडकळसला आले, ऐंशीच्या पुढचा माणूस, शेडमध्ये खुर्ची टाकून बसला. चाकं सोडवली, ब्रेकमध्ये तेल भरलं, दुसऱ्या एका छोट्या गाडीचे जुने टायर चढवले. अप्पा ट्रॅक्टरला बांधायला दोर घेऊन आले तेव्हा चाचा ओरडले, "दोर नक्को! पाइप लगाव. दोर से खींचे तो बेटी ट्रॅक्टर के ऊपर जाके बैठेगी." मग लोखंडी पाइप जोडला. मांजर पिल्लांना घेऊन आधीच कडब्याच्या गंजीत राहायला गेली होती.

ट्रॅक्टर अप्पांच्या चुलतभावाने घेतला. हेराल्डच्या स्टिअरिंगवर मी. मागच्या सीटवर अप्पा, पुढचं सीट दुमडून, अंग तिरकं करून कसेबसे शिरले. आणि माझ्या शेजारी म्हातारी. आम्ही तिला आमच्या गाडीतून यायला सांगत होतो, माझा नवरा मागून येणारच होता. ती म्हणाली, "ह्यातच बसते. तसंबी मला परभनीला लेकीकडं जायाचंच हाय. येष्टीचं भाडं वाचंल."

गावातून निघालो तेव्हा लोक दुकानांतून बाहेर आले. कुणीतरी ओरडलं, "मोटारअप्पा, कुठं?" अप्पांनी काचेतून हात हलवला. काच नव्हतीच, त्यामुळे हात चांगला बाहेर आला.

रस्त्याला लागल्यावर म्हातारीने सीटवर हात फिरवला. "तवा मऊ व्हतं हे." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "आन् खडखडबी एवढी नव्हती."

"आई, बाई अजून काय म्हनल्या व्हत्या?" अप्पांनी मागून विचारलं.

"काय म्हननार? तुला उलटं धरून पाठीत दोन दिल्या. तू रडेनास. मंग रडलास. म्हनली, आवाज मोठा हाय, पुढारी व्हईल. झालास आडत्या."

ओढा आला. आता त्याच्यावर पूल आहे, दोन्ही बाजूंना ऊस. ट्रॅक्टर थांबवला. म्हातारी उतरली, कपाळावर हात धरून बघायला लागली. बाभूळ काही दिसेना. "हिथं," ती म्हणाली. मग, "न्हाई, त्या तिकडं. पानी डाव्या हाताला व्हतं." अप्पा तिच्या मागे मागे. तिसऱ्यांदा जागा बदलल्यावर ती दमली आणि म्हणाली, "हिथंच धर."

अप्पांनी धरलं. चपला काढून त्या जागेवर जरा वेळ उभे राहिले. ऊस सळसळत होता. कुणालाच काय करावं ते सुचेना. माझा नवरा मात्र सवयीने खाली बसला, मूठभर माती उचलली, बोटांनी चुरली, वास घेतला.

"भारी काळी जमीन आहे," तो म्हणाला.

"म्हंजे चांगली का?" अप्पांनी विचारलं.

"उत्तम. पाणी धरून ठेवते. परभणी भागातल्या चांगल्या जमिनींपैकी."

अप्पांचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा उजळला. "आई, ऐकलंस का? साहेब काय म्हनायले?"

"मला काय सांगायलास," म्हातारी गाडीकडे परत चालत म्हणाली. "मी झोपले व्हते त्याच्यावर."

परभणीत शिरलो तेव्हा ऑटोवाले बाजूला होऊन फोटो काढत होते. लेकीच्या गल्लीत ट्रॅक्टर जाईना, म्हणून म्हातारी तोंडाशीच उतरली. पिशवी घेतली, दार आपटून लावलं आणि गेली.

गाडी चालू व्हायला सव्वा वर्ष लागलं. रबरं कोइमतूरहून आली, एक दिवा हैदराबादेतल्या जुन्या बाजारात मिळाला, कागदपत्रांसाठी माझ्या नवऱ्याने एक जाड फाइल केली आणि तिच्यावर रंगीत चिठ्ठ्या लावल्या. खरा आकाशी रंग चाचांना डॅशबोर्डच्या मागे, ऊन न लागलेल्या जागी सापडला. तो पत्र्याचा तुकडा घेऊन त्यांचा मुलगा रंगाच्या चार दुकानांत फिरला. चाचांनी विचारलं, "हूक निकालूं क्या? छत बंद कर देता." मी नको म्हटलं. आता पावसाळ्यात मागे बसणाऱ्याच्या मांडीवर थेंब पडतो. शक्यतो नवरा मागे बसतो.

पहिल्यांदा मी ती आमच्या बोळात वळवली तेव्हा शेजारचे गॅलरीत उभे होते. जिथे माझ्या शिकवायच्या गाडीला चारदा पुढे-मागे करावं लागतं, तिथे हेराल्ड जागच्या जागी, गिरकी घेतल्यासारखी वळली. बाई खेड्यांतल्या बैलगाडीच्या वाटांनी कशा फिरायच्या ते तेव्हा कळलं. गॅलरीतून कुणीतरी म्हणालं, "पुन्हा एकदा!" मी पुन्हा एकदा वळवली.

त्याच आठवड्यात अप्पांना बोलावलं. ते आले, गाडीभोवती दोन चकरा मारल्या, बोनट स्वतःच्या हाताने उघडून बघितलं, बंद केलं. मी किल्ली पुढे केली. "घ्या, एक चक्कर मारून आणा."

अप्पांनी किल्ली घेतली नाही. इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि हळूच म्हणाले, "ताई, मला गाडी येत न्हाई."

"अकरा वर्षं घरात होती की तुमच्या!"

"चालू कुठं व्हती? आन् गावात कुनाला विचारायचं? नाव मोटारअप्पा, आन् शिकायला जायचं?" मग किल्लीकडे बघत म्हणाले, "तुमच्याकडं गडीमानसं घेता का?"

घेते. आता दर गुरुवारी मोंढ्यातलं काम आटोपलं की अप्पा येतात. हेराल्ड मी त्यांच्या हातात देत नाही, शिकवायच्या पांढऱ्या गाडीवरच चालू आहे. परवा वसमत रोडला चढावर त्यांनी गाडी तिसऱ्यांदा बंद पाडली. मागे ऑटोवाल्याने हॉर्न धरून ठेवला होता.

"क्लच हळू सोडा, अप्पा."

"हळूच सोडायलोय की." त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "ताई, बायका किती दिवसांत शिकतात?"

"वीस-एक दिवसांत."

"आन् गडी?"

"गड्यांना जरा जास्त लागतात."

अप्पांनी आरशातून ऑटोवाल्याकडे पाहिलं, टोपी परत घातली, नीट बसवली.

"मंग मला पंचवीस धरा," ते म्हणाले आणि किल्ली फिरवली. तो त्यांचा एकतिसावा दिवस होता.